पाच विहिरींचं एकच पाणी

“या पाच शिशा भरून ठेवायच्या, एवढंच ना जी?” पार्बताबाईंनी विचारलं.

“एवढंच,” मी म्हणालो. “एक तुमच्या विहिरीची, बाकी चार शेजारच्या चार विहिरींच्या. प्रत्येकीवर नाव लिहिलंय. आधी वीसेक बादल्या उपसून टाकायच्या, मग भरायचं. बूच घट्ट लावायचं.”

“आन् तुमी?”

“मी जरा कंपनीच्या ऑफिसात जाऊन येतो. कागदपत्रं बघायची आहेत.”

कागदपत्रं म्हणजे मटण. कंपनीचे देवस्थळी साहेब सकाळी रस्त्यातच भेटले होते आणि म्हणाले होते, “बोंडे साहेब, आज आमच्या गेस्टहाऊसवर सावजी रस्सा आहे. तुम्ही आला नाहीत तर आचारी मनाला लावून घेईल.” मी आचाऱ्याला ओळखत नव्हतो, पण उगाच कुणाचं मन कशाला दुखवा.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागून आठ महिने झाले होते आणि दोन वर्षांपैकी सोळा महिने परिविक्षा शिल्लक होती. परिविक्षा म्हणजे सरकारने तुम्हाला नोकरीत घेतलेलं असतं, पण अजून जवळ केलेलं नसतं.

बोरखडी हे गाव वर्धा नदीच्या अलीकडे, कोळशाच्या पट्ट्यात. जमिनीखाली कोळसा आणि कोळशात वायू. तो वायू काढायला एक कंपनी आली होती. आता वायू बाहेर यायचा तर आधी कोळशाच्या थरातलं पाणी उपसावं लागतं, आणि ते पाणी खारट असतं. कंपनीने गावाला लागून शाळेच्या मैदानाएवढा खड्डा खणला, त्यात काळं प्लास्टिक अंथरलं आणि पाणी त्यात सोडलं. प्लास्टिक फाटत नाही, असं प्लास्टिकवाल्याने कंपनीला सांगितलं होतं आणि कंपनीने गावाला.

दहा महिन्यांत खड्ड्याजवळच्या पाच विहिरींचं पाणी बदललं. गावाने तहसीलला अर्ज दिला. अर्जात लिहिलं होतं की भात पिवळा होतो, चहा काळा पडतो आणि म्हशी तोंड लावून मागे सरतात. पहिला अंगठा पार्बताबाई उरकुड्यांचा, कारण त्यांची विहीर खड्ड्यापासून सर्वांत जवळ, शे-सव्वाशे पावलांवर. तहसीलने आमच्याकडे अहवाल मागितला. अहवाल ग्रामसभेत वाचायचा, पाणी खराब निघालं तर कंपनीने खड्डा रिकामा करायचा आणि गावाला नळ द्यायचा. चांगलं निघालं तर अर्ज निकाली. म्हणजे त्या पाच बाटल्यांवर पाच घरांचं पिणं अवलंबून होतं, आणि त्या बाटल्या मी खाटेवर ठेवून जीपमध्ये बसलो.

ड्रायव्हर रमजानभाईंनी गाडी सुरू केली नाही. ते पन्नाशीचे, माझ्याआधी चार केमिस्ट फिरवलेले.

“साहेब, नमुने तुम्ही भरायचे असतात ना?”

“भरतील की त्या. पाणीच भरायचंय.”

“आधीचे साहेब स्वतः भरायचे.”

“आधीच्या साहेबांना रस्सा कुणी दिला नव्हता, रमजानभाई.”

“तेही खरं,” म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.

देवस्थळी मूळचे पुण्याचे. पांढरा शर्ट, बोलणं मऊ, वाढताना स्वतः उभे. माणूस वाईट नव्हता, हीच सगळी अडचण होती. वाईट माणसाच्या घरी मी दुसऱ्यांदा भात घेतला नसता. जेवणात त्यांनी पाण्याचा विषयही काढला नाही. फक्त हात धुताना म्हणाले, “लोकांना नवीन काही आलं की भीती वाटते हो. तुमच्यासारखा शिकलेला माणूस आला की बरं वाटतं.” मलाही शिकलेला असल्याचं बरं वाटलं.

तीन वाजता परत आलो तर बाटल्या तयार. तयार म्हणजे कशा, तर घासूनपुसून लखलखीत, ओळीने मांडलेल्या, वर ओलं फडकं. इतक्या स्वच्छ बाटल्या आमच्या प्रयोगशाळेतही कुणी पाहिल्या नव्हत्या. पार्बताबाई पन्नाशीच्या पुढच्या, उंच, कासोटा घट्ट मारलेल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी नांदायला गेलेली. घरी त्या, दोन म्हशी आणि ती विहीर. त्यांनी मला चहा दिला. सुरेख चहा, तांबूस, घोटाघोटाला आल्याची चव. अर्ज माझ्या खिशात होता आणि त्यात ‘चहा काळा पडतो’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. कपाकडे पाहून मी मनात म्हणालो, लोक वाढवून सांगतात.

“चहा झकास झालाय, मावशी.”

“हो जी,” त्या म्हणाल्या आणि जमिनीकडे पाहू लागल्या. मला वाटलं, लाजल्या.

प्रयोगशाळेत आकडे आले. पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅम: चारशे बारा, चारशे अकरा, चारशे बारा, चारशे तेरा, चारशे बारा. पाच वेगळ्या विहिरी, पाच वेगळ्या खोली, एक तर सत्तर वर्षांची आणि एक परवाची. आणि पाणी असं की जणू पाच बहिणींनी एकाच ताग्यातली लुगडी नेसलीत. मी यंत्र तपासलं. यंत्र ठीक होतं. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

वरिष्ठ मोहरील साहेबांना निवृत्तीला चार महिने होते. त्यांनी चष्मा वर करून आकडे पाहिले.

“एकाच आईच्या दिसतात पाची.”

“सर, असं होत नाही ना पण?”

“झालंय ना? मग होतं. पिण्यायोग्य लिहा, सही करा, पाठवा.”

अहवालाच्या छापील कागदावर एक रकाना असतो: ‘नमुना कोणी घेतला’. त्यात मी ‘स्वतः’ असं लिहिलं. हस्ताक्षर माझं चांगलं होतं, म्हणून ते खोटं वाटतही नव्हतं.

ग्रामसभा शुक्रवारी अकराला होती. आम्ही नऊलाच पोहोचलो, कारण रमजानभाईंना वाटेत कुठे थांबायचं कारण सापडलं नाही. म्हटलं, पार्बताबाईंकडे टेकू. दार उघडं, बाई नाहीत. शेजारची बाई म्हणाली, “पान्याले गेली.”

“पाण्याला? विहीर तर इथे आहे.”

ती बाई माझ्याकडे पाहत राहिली आणि आत गेली.

रस्त्याची लाल धूळ नाकातोंडात बसली होती. मी विहिरीवर गेलो, बादली सोडली, ओढली आणि तोंडावर पाणी मारलं. थोडं तोंडात गेलं. कुणी मिठाच्या पाण्यात खायचा सोडा कालवून वर आगकाडीचं गूल चाटायला दिलं, तर चव साधारण तशी लागेल. मी थुंकलो. चेहरा बुळबुळीत झाला होता आणि पुसून जाईना.

रमजानभाई हात मागे बांधून उभे होते. “साहेब,” ते अतिशय आदराने म्हणाले, “हे पिण्यायोग्य आहे ना?”

इतक्यात पार्बताबाई आल्या. डोक्यावर पाण्याने भरलेले दोन पितळी गुंड, एकावर एक, कपाळावर घाम. मला बादलीसकट पाहिलं आणि जागच्या जागी थबकल्या. चोरी माझी पकडली जायची वेळ होती, पण चेहरा त्यांचा पडला.

“ते काऊन काढलं जी? ते हातपाय धुवाचं पानी हाय. बसा तुमी. म्या आनलं पेयाचं.”

“कुठून आणलं?”

“निखाड्याच्या वावरातल्या इहिरीतून.”

“किती लांब?”

“पाऊन कोस. जास्त नाई.”

“आणि त्या दिवशीचा चहा?”

“त्याच पान्याचा.”

मी बादली खाली ठेवली. पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, पण तो तोंडातून गेलाच. “मावशी, बाटल्यांत कुठलं पाणी भरलं होतं?”

त्यांनी आधी गुंड उतरवले. एकेक करून, पाण्याचा थेंब न सांडता. मग पदराने तोंड पुसलं.

“आता कसं सांगू तुमाले. तुमी गेल्यावर आमी पाची जनी बसलो. म्या म्हनलं, साहेब गावात पहिल्यांदा आला. त्याच्या हातून पानी जाईल ते मोठ्या साहेबाच्या घरी जाईल, कोनी तोंडाले लावन. असं पानी आमच्या घरचं म्हनून पाठवाचं? शेवंता म्हने, नाव लिवलं हाय माह्या घराचं, माह्या नावानं असली घान नाई जाऊ द्याची. मंग गेलो आमी निखाड्याकडे. शिशाइले राखुंडी लावून घासलं, भरून आनलं. उन्हाचं गेलो जी, पाची जनी.”

“पण मावशी, खराब आहे हे दाखवायलाच तर न्यायचं होतं.”

“ते आमाले मालूम हाय,” त्या म्हणाल्या. “अर्जात लिवलं ना आमी. लिवलेलं वाचाचं. पन पाव्हन्याच्या हातात देयाचं मनजे...” मग हळूच म्हणाल्या, “आमी घरात या इहिरीचंच पेतो. निखाड्याचं फकस्त पाव्हन्यासाठी. पानी बिघडलं तवापासून घरी कोनी आलं तं म्या आधी पाहतो, गुंडात पानी हाय का नाई.”

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. दोन तासांनी ग्रामसभेत मी उभा राहून सांगणार होतो की हे पाणी पिण्यायोग्य आहे. अर्ज निकाली निघणार होता. नाही सांगितलं, तर पहिला प्रश्न येणार, नमुने कुणी घेतले. आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘स्वतः’. परिविक्षेतल्या माणसाला घरी पाठवायला चौकशीही लागत नाही, एक कागद पुरतो.

“तुमची नवकरी जाईल का जी?” पार्बताबाईंनी विचारलं. मी काही बोललो नव्हतो. पण माझा चेहरा तेव्हा वाचायला फार सोपा होता.

“जाऊ शकते.”

“मंग असं करू. म्या सांगतो सभेत. तुमी शिशा बरोबर भरल्या होत्या. तुमी कंपनीच्या हापिसात गेले आन् म्या मागून बदलल्या. तुमचा काय दोष?”

“तुम्हाला खोटारडी म्हणतील.”

“म्हनतील तं म्हनतील. माह्यं लगन जमवाचं रायलं नाई आता.”

सांगायला लाज वाटते, पण मी ‘नको’ म्हणालो नाही. मी म्हणालो, “बघू.” रमजानभाई जीपच्या काचा पुसत होते. त्यांनी तीच एक काच चार वेळा पुसली.

सभा शाळेच्या व्हरांड्यात. खुर्चीवर नायब तहसीलदार कुळमेथे साहेब, जाड भिंगांचे, कमी बोलणारे. शेजारी देवस्थळी, हातात फाइल. समोर सतरंजीवर गाव, बायका एका बाजूला. कुळमेथे म्हणाले, “केमिस्ट, अहवाल वाचा.”

मी उभा राहिलो, कागद उघडला, आणि घसा खाकरण्यात जितका वेळ घालवता येतो तितका घातला. “साहेब, अहवालात... नमुन्यांच्या बाबतीत थोडी अडचण झाली आहे.”

“कसली?”

मी काय बोललो असतो कोण जाणे. त्याआधी पार्बताबाई उभ्या राहिल्या.

“माह्यामुळं झाली जी. साहेबानं शिशा भरल्या होत्या बरोबर. म्या बदलल्या. निखाड्याच्या इहिरीचं पानी भरलं त्याइच्यात.”

सतरंजीवर कुजबुज झाली. देवस्थळींची फाइल मिटली. ते आवाज न चढवता म्हणाले, “सर, हे फार गंभीर आहे. सरकारी नमुन्यांत गावकऱ्यांनी छेडछाड केलीय, आणि हे अर्जदारच सांगताहेत. असल्या अर्जाची दखल घ्यायची का, हे आपणच ठरवा. माझ्या मते फाइल आजच बंद व्हावी.”

कुळमेथेंनी पार्बताबाईंकडे पाहिलं. “खरं आहे हे?”

“हो जी.”

“असं करण्याचं कारण?”

साऱ्या गावासमोर ‘आमच्या घरी पाहुण्याला द्यायला पाणी नाही’ असं त्यांना म्हणवेना. खोटारडी म्हणवून घ्यायला त्या सकाळीच तयार झाल्या होत्या. हे मात्र तोंडातून निघत नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या उभ्या राहिल्या, आणि माझ्या लक्षात आलं की अजून अर्धं मिनिट मी गप्प बसलो, तर माझी नोकरी कायम, यांची विहीर संपली आणि यांचं नावही गेलं.

“साहेब,” मी म्हणालो, “त्या खोटं बोलताहेत.”

“म्हणजे पाणी बदललं नाही?”

“बदलायला आधी भरलेलं पाहिजे. मी एकही बाटली भरली नाही. त्यांच्या खाटेवर ठेवून गेलो होतो. रकान्यात ‘स्वतः’ लिहिलंय ते खोटं आहे.”

“तुम्ही कुठे होता?”

“मटण खात होतो, साहेब.”

कुळमेथेंनी चष्मा काढला. “कुठे?”

“कंपनीच्या गेस्टहाऊसवर. देवस्थळी साहेबांनी आग्रहाने वाढलं.”

मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, “कसं होतं गा?”

“चांगलं होतं,” मी म्हणालो. खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

व्हरांडा हसला. बायकांच्या बाजूलाही पदर तोंडाला गेले. देवस्थळींचा शर्ट तेवढाच पांढरा होता, पण कान लाल झाले होते. मला फाडून खाण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता आणि काहीच करता येत नव्हतं. कारण माझ्या गुन्ह्याचा जो मुख्य साक्षीदार, तोच त्या गुन्ह्याचा यजमान. तरी माणूस हुशार. दोन घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, “ठीक आहे सर. नवे नमुने घ्या. क्षार सापडतील, मीच सांगतो. पण हा कोळशाचा पट्टा आहे. इथलं पाणी मुळातच खारट. आमच्या आधी यांच्या विहिरी गोड होत्या याचा एक तरी कागद आहे का कुणाकडे? एखादी जुनी तपासणी?”

कुणाकडे नव्हती. गोड विहिरीची तपासणी कोण करतो? कुळमेथेंनी माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे. प्रशिक्षणात आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: तक्रारीच्या विहिरींबरोबर लांबची एक चांगली विहीरही तपासा, तुलनेसाठी. मी ते साफ विसरलो होतो. पाच बाटल्या नेल्या, पाची तक्रारीच्या. सहावी नेलीच नव्हती.

चारशे बारा, चारशे अकरा, चारशे बारा, चारशे तेरा, चारशे बारा.

“कागद आहे, साहेब,” मी म्हणालो. “हा आहे.”

“तो तर रद्द झाला ना?”

“या पाच विहिरींचा म्हणून रद्द झाला. निखाड्यांच्या विहिरीचा म्हणून तो अगदी खरा आहे. तोच पट्टा, तोच खडक. फरक एवढाच, की ती खड्ड्यापासून पाऊण कोस लांब आहे. क्षार चारशे बारा. गोड पाणी. इथलं पाणी मुळात कसं असतं ते यात लिहिलंय. आणि एकदा नाही, पाच वेळा तपासलंय.”

“एका विहिरीची पाच वेळा?” कुळमेथे म्हणाले.

“कुणी करत नाही, साहेब. आम्ही केली.”

देवस्थळींनी शेवटचा प्रयत्न केला. “सर, त्या बाटल्या राखेने घासल्या असतील. गावात तसंच घासतात.”

“घासल्या होत्या,” मी म्हणालो. “राखेने क्षार वाढतात, कमी होत नाहीत. म्हणजे निखाड्यांचं पाणी चारशे बारापेक्षाही चांगलं असणार.”

कुळमेथेंनी चष्मा परत लावला आणि बराच वेळ माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, “सहा बाटल्या आहेत?”

रमजानभाई व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे होते. “बारा आहेत, साहेब,” ते म्हणाले. “धुतलेल्या. मी ठेवतो गाडीत. असू द्याव्या म्हणून.”

त्या दिवशी सभा विहिरींवर भरली. मी प्रत्येक विहिरीवर वीस बादल्या उपसल्या. मदतीला पाच-सहा तरुण पुढे झाले, कुळमेथेंनी त्यांना मागे केलं आणि म्हणाले, “नाही. त्यांनाच ओढू द्या.” एकशेवीस बादल्यांनंतर माझे तळहात सोलले होते. पार्बताबाईंच्या विहिरीवर बाटली भरताना त्या दुसरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बूच लावलं तेव्हा वळल्या आणि कुळमेथेंना म्हणाल्या, “आमचं पानी असं नव्हतं जी. ते बी लिवून घ्या.”

“लिहिलं,” कुळमेथे म्हणाले, आणि खरंच लिहिलं.

निखाड्यांची विहीर चारशे नऊ निघाली. पार्बताबाईंची दोन हजार तीनशे चाळीस. सातवी बाटली खड्ड्यातून भरली होती, ते पाणी त्याहून थोडं जास्त खारट आणि बाकी सगळ्या बाबतींत तिचं सख्खं भावंड. पावसाळ्यापूर्वी कंपनीला खड्डा रिकामा करावा लागला. प्लास्टिक उचललं तेव्हा खाली बैलगाडी जाईल एवढी चीर सापडली. निखाड्यांच्या विहिरीवरून गावाला नळ आला. निखाडे काही दिवस मिशीला पीळ देऊन फिरले.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी कारणं दाखवली. त्यांत मटणाचा उल्लेख दोनदा आला. नोकरी वाचली ती कुळमेथेंमुळे, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या कागदावर त्यांनी त्या दिवशी लिहिलं होतं: ‘सदर कर्मचाऱ्याने चूक सभेत स्वतः कबूल केली. माझ्या वीस वर्षांच्या सेवेत हे प्रथमच पाहिले.’ मोहरील साहेब म्हणाले, “बोंडे, तुला शिक्षा करावी की संग्रहालयात ठेवावं, वर कळत नाहीये.” शेवटी परिविक्षा एक वर्षाने वाढवली आणि बदली केली गडचिरोलीच्या पार दक्षिण टोकाला. देवस्थळींचीही बदली झाली म्हणे, समुद्रात कुठेतरी वायू काढायला. तिथे पिण्याच्या विहिरी नसतात, एवढं सुख.

त्यानंतर एकतीस वर्षं नोकरी केली. हजारो बाटल्या भरल्या, स्वतःच्या हाताने. लोकांना वाटायचं, मोठा काटेकोर माणूस. मी काटेकोर नव्हतो. मला फक्त ठाऊक होतं की काटेकोर माणूस जी सहावी बाटली विसरला नसता, ती पाच बायकांनी उन्हातून पाऊण कोस चालत जाऊन माझ्यासाठी भरून आणली होती. आपल्या घराची अब्रू जाईल असं काही त्यांनी माझ्या हाती दिलं नव्हतं, आणि जे दिलं त्यानेच सगळं वाचलं. पार्बताबाईंना मी हे दोन-तीनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणायच्या, “हो का जी,” आणि जेवायला वाढायच्या.

बदलीच्या गावी पाचव्या वर्षी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळेतल्या गुरुजींचं, बोलणं पार्बताबाईंचं. ‘बोंडे भाऊ यास पार्बताबाईचा रामराम. दोन पावसाळे चांगले झाले. म्हशी विहिरीचं पाणी प्यायला लागल्या. भात पांढरा होते. शेवंता म्हणते गोड झालं, माह्या तोंडाचा भरोसा नाही. नळ आहे, पण आपली विहीर ते आपली. येऊन पाहून जा. आता शिशी कोणाले भरू देत नाही, तुमीच भरा. नळाचं पाणी तुमाले पाजणार नाही. जीव राहिला तर विहिरीचंच पाजीन.’

बोरखडी माझ्या हद्दीत नव्हती. दुसरा जिल्हा, दुसरी प्रयोगशाळा. तिथला नमुना घ्यायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. छापील अर्जात कारणासाठी अर्धी ओळ सोडलेली होती. मी थोडा वेळ पेन हातात धरून बसलो. मग माझ्या त्याच चांगल्या अक्षरात लिहिलं: ‘घरगुती’.